ट्रकच्या सुट्या भागांच्या कंपनीचा इतिहास कोठून लिहायला घ्यावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी १९७४ साली ठाणे-बेलापूर रस्त्यावरील रबाळ्याच्या औद्योगिक क्षेत्रात एक गाळा घेऊन ट्रकचे सुटे भाग आणि टिपरचे हायड्रॉलिक साहित्य बनवायला सुरुवात केली आणि पुढे कळंबोलीला दुकान काढले. आता कंपनीची पन्नाशी उलटल्यावर तिचा इतिहास लिहायचा आहे, पण हाताशी उद्घाटनाचे एक छायाचित्र, भागीदारीचा करारनामा आणि दोन कपाटे भरून जुनी बिले एवढेच आहे. सुरुवात कोठून करावी आणि हा धंदा या पट्ट्यात आला कसा, असे आपण विचारता. मी स्वतः वागळे इस्टेटमधील एका हायड्रॉलिक कार्यशाळेत हेल्पर म्हणून लागलो आणि नंतर चाळीसहून अधिक वर्षे याच धंद्यात काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम, करारनामा बाजूला ठेवा. त्यावरून कोण भागीदार होते आणि कोणाचा किती हिस्सा होता एवढेच कळेल. सुट्या भागांच्या कंपनीचे खरे चरित्र तिच्या रॅकवर असते, कारण कोणता माल कोणत्या वर्षी आला, किती वर्षे खपला आणि कधीपासून धूळ खात पडला, यातच तिचे सगळे निर्णय नोंदलेले असतात. ते वाचताना एक गोष्ट सतत लक्षात ठेवावी लागते, ती म्हणजे आपला धंदा ट्रक बनवणाऱ्या कारखान्याच्या नेहमी आठ-दहा वर्षे मागून चालतो. नवा ट्रक पहिली तीन-चार वर्षे कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्येच जातो. दुसरा मालक आला की तो आपल्या दुकानाची पायरी चढतो, आणि तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या हाती गाडी गेली की कुर्ल्याच्या जुन्या बाजारातही चौकशी सुरू होते. म्हणून ‘अमुक साली अमुक मॉडेल बाजारात आले’ ही नोंद आपल्या इतिहासात त्याच साली लिहिली, तर ती चूक ठरेल. आपल्याकडे ते साल जवळजवळ एक दशक उशिरा उजाडते.

आता हा धंदा मुळात येथे कसा आला ते पाहू. मुंबईत मोटारगाड्यांची जुळणी जुनी आहे. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ सालचा, आणि वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, डिसोटो आणि फार्गो या नावांच्या गाड्या बांधल्या. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेले ट्रक लिलावात विकले गेले. त्याला सगळे ‘डिस्पोजलचा माल’ म्हणत. अनेक वाहतूकदारांची पहिली गाडी या डिस्पोजलमधली असे, आणि तिच्याबरोबर सुट्या भागांची खोकीही विकत मिळत. मुंबईतील ऑपेरा हाउस परिसरातील बाजारपेठ या आयात आणि डिस्पोजलच्या मालावर पोसली गेली. पुढे आयात शुल्काचा विचार करणाऱ्या जकात आयोगाच्या १९५३ च्या शिफारशींनंतर ज्यांना येथे प्रत्यक्ष उत्पादन करायचे नव्हते, अशा जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला, आणि १९५७ च्या परकीय चलनटंचाईनंतर सुट्या भागांचा आयात परवाना मिळणे फार अवघड झाले. रस्त्यावर गाड्या होत्या आणि त्यांना लागणारा माल बंदरातून येईना. या पोकळीत लेथ मशीन असलेला प्रत्येक माणूस कारखानदार झाला, असे म्हटले तरी चालेल.

त्या काळातील एक तपशील मी मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण तो आजच्या पिढीला माहीत नसतो आणि आपल्या वडिलांच्या जुन्या बिलांत तो जागोजागी आढळेल. तो नट-बोल्टच्या आट्यांच्या (थ्रेडच्या) मापांचा आहे. डॉज, फार्गो आणि डिस्पोजलच्या जीएमसी गाड्या अमेरिकन, म्हणून त्यांचे नट-बोल्ट अमेरिकन आट्यांचे. अशोक लेलँडची मूळ गाडी ब्रिटिश, म्हणून तिचे आटे व्हिटवर्थ आणि बीएसएफ या ब्रिटिश पद्धतींचे. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ साली डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला जी गाडी काढली, ती जर्मन असल्यामुळे मेट्रिक. एकाच दुकानात तीन देशांचे बोल्ट ठेवावे लागत आणि दिसायला ते इतके सारखे असत की नवखा माणूस हटकून चुके. अमेरिकन पान्यावरचा आकडा नटाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधील अंतर सांगतो, तर व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टचा व्यास सांगतो, त्यामुळे दोन्ही पान्यांवर ‘अर्धा इंच’ असे कोरलेले असूनही एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. मी हेल्पर असताना आमच्या मिस्त्रींनी बोल्टच्या डब्यांना लाल, पिवळा आणि निळा असे रंग फासून ठेवले होते. आपल्या जुन्या बिलांवर बोल्टच्या मापापुढे रंगाचे आद्याक्षर आढळले, तर ती अशीच एखादी खूण असू शकेल. गोदामातल्या कोणा जुन्या माणसाला तेवढे विचारून पाहा.

बेंझबरोबरचा करार १९६९ साली संपला आणि गाडीवरचे जर्मन कंपनीचे चिन्ह जाऊन तेथे टाटांचे ‘टी’ आले. आमच्या दुकानात मात्र ऐंशीच्या दशकातही गिऱ्हाईक ‘बेंझचा पाटा द्या’ असेच म्हणे (पाटा म्हणजे चाकावरची स्प्रिंगची पट्टी). हा केवळ बोलण्याचा भाग नव्हता. टाटांच्या भागांचे क्रमांक आजही गटवार लावलेले आहेत आणि त्या गटांची मांडणी जर्मन वळणाची आहे. क्लचचा गट २५, गिअरबॉक्सचा २६, मागच्या आसाचा (अ‍ॅक्सलचा) ३५, ब्रेकचा ४२. ज्याला हे गट पाठ झाले, तो काउंटरवरचा माणूस पुस्तक न उघडता माल काढून देतो. इंजिनांची नावेही अशीच बोलकी होती. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर आणि ब्याण्णव मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६९७ म्हणजे तोच बोअर सत्त्याण्णवचा. आपल्या स्टॉकच्या वहीत ६९२ च्या पिस्टनची जागा ६९७ चे पिस्टन कोणत्या वर्षी घेऊ लागले ते शोधा. आपल्या गिऱ्हाइकांच्या गाड्या केव्हा बदलल्या याचा त्याहून खात्रीचा पुरावा दुसरा नाही.

मग प्रश्न उरतो की कुर्ला आणि ऑपेरा हाउस सोडून हा धंदा ठाणे-बेलापूर रस्त्यावर का आला. त्याचे नेहमी दिले जाणारे उत्तर म्हणजे एमआयडीसी, अर्थात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ. ते खोटे नाही. महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाले, ठाण्याची वागळे इस्टेट त्याच्या अगदी आरंभीच्या वसाहतींपैकी एक, आणि त्याच दशकात खाडीपलीकडे दिघ्यापासून नेरुळपर्यंतचे ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक क्षेत्र आखले गेले. नवी मुंबई उभारणारी सिडको १९७० साली आली, वाशीचा खाडीपूल १९७३ साली झाला, आणि आपल्या वडिलांनी त्यानंतर वर्षभरात गाळा घेतला, यात योगायोग फारसा नसावा. पण माझ्या मते जागेइतकेच दुसरेही एक कारण होते आणि ते स्थानिक इतिहासांत सहसा लिहिले जात नाही, ते म्हणजे नाक्यावरची जकात.

सुटा भाग ही अशी वस्तू आहे की ती एका महिन्यात दोन-तीन वेळा हद्द ओलांडते. कास्टिंग एकीकडून येते, मशीनिंग दुसरीकडे होते, क्रोम प्लेटिंग तिसरीकडे, आणि गाडी चौथ्याच ठिकाणी उभी असते. मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल नेताना मुलुंड, वाशी, ऐरोली अशा नाक्यांवर जकात भरावी लागे, आणि दुरुस्तीसाठी आत नेलेला सिलिंडर परत बाहेर आणताना कागद नीट नसला तर हेलपाटा पडे. खाडीपलीकडचा पट्टा त्या वेळी ग्रामपंचायती आणि सिडको यांच्याकडे होता. नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ रोजी अस्तित्वात आली आणि तिनेही पुढे नाक्यावरच्या जकातीऐवजी हिशेबाच्या वह्यांवरून उपकर घेण्याची पद्धत ठेवली. नाक्यावर गाडी थांबली नाही की दिवसाला एक फेरी वाढते, हे गणित त्या काळच्या प्रत्येक दुकानदाराला तोंडपाठ होते. भिवंडीच्या आसपास ग्रामपंचायतींच्या हद्दीत गोदामे उगवली त्यामागेही हेच गणित होते. म्हणून जुन्या बिलांबरोबर जकातीच्या पावत्या टाचलेल्या असतील, तर त्या मुळीच फेकू नका. माल कोठून येत होता, कोठे जात होता आणि किती वेळा, हे त्या पावत्यांइतके स्पष्ट दुसरा कोणताही कागद सांगत नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर मुंबईचे नाके बंद झाले आणि या पट्ट्याला लाभलेला तो जुना फायदाही संपला.

आता टिपरच्या साहित्याकडे वळतो. आपल्या कंपनीचा खरा कणा हाच असावा असे आपल्या वर्णनावरून वाटते, आणि मला स्वतःला ज्यात सर्वांत अधिक कळते तो भागही हाच आहे. टिपरची रचना सांगायला सोपी आहे. गिअरबॉक्सच्या कुशीला एक लहान गिअरपेटी बसवतात, तिला सगळे पीटीओ म्हणतात. ती इंजिनाची थोडी ताकद काढून पंपाला देते, पंप टाकीतले तेल दाबाने सिलिंडरमध्ये ढकलतो, आणि सिलिंडरच्या नळ्या दुर्बिणीसारख्या एकातून एक बाहेर येत हौदा उचलतात. या सिलिंडरला आपल्याकडे सर्रास ‘जॅक’ म्हणतात. जुन्या गाड्यांत तो हौद्याच्या पोटाखाली असे, म्हणून त्याला कमी अंतरात फार मोठा जोर लावावा लागे आणि चासीवरही ताण येई. पुढे केबिन आणि हौदा यांच्यामध्ये उभा राहणारा लांब जॅक आला. तो हौद्याला अगदी पुढच्या टोकाला उचलतो, त्यामुळे तेवढ्याच वजनाला कमी जोर पुरतो. सहाचाकी गाडीकडून दहाचाकी गाडीकडे जाणे या बदलामुळे पुष्कळ सुकर झाले.

या पट्ट्याने टिपर का पोसला हे आजूबाजूला पाहिले तरी कळते. तुर्भे, पावणे आणि नेरुळकडच्या डोंगरांतील खाणींतून खडी निघत होती, मुंब्रा-कळव्याच्या रेतीबंदरावर रेती चढत होती, आणि सिडकोचे एकेक नोड, म्हणजे नवी वसाहत, दलदलीत भराव टाकून उभे राहत होते. खडीची धूळ आणि रेतीचे खारे पाणी हे जॅकचे दोन वैरी. धूळ सीलच्या, म्हणजे तेल गळू नये म्हणून नळीभोवती बसवलेल्या कड्याच्या, ओठाला खाते, तर खारे पाणी नळीवरच्या क्रोमखाली शिरून बारीक खड्डे पाडते आणि मग तोच खड्डा प्रत्येक फेरीला नवे सील कापतो. गिऱ्हाईक मात्र ‘तुमचे सील वाईट’ असे म्हणत परत येते. रेतीबंदरावर चालणाऱ्या गाड्यांना आम्ही सील देण्यापूर्वी नळीवर नख फिरवून पाहायचो. नख अडकले तर सील विकायचेच नाही, आधी नळी प्लेटिंगला पाठवायची. सीलचाही स्वतःचा इतिहास आहे. आरंभी चामड्याचे वायसर (वॉशर) असत आणि ते तेलात भिजवून बसवावे लागत, मग नायट्राइल रबर आले, आणि त्यानंतर पॉलियुरेथेन, ज्याने खाणीतल्या गाड्यांचे आयुष्य खरोखर वाढवले. आपल्या गोदामात चामड्याचे वायसर कापण्याचे पंच सापडले, तर त्यांचे छायाचित्र उद्घाटनाच्या छायाचित्राच्या आधी छापा.

नव्वदच्या दशकात हायवा ही मूळची डच कंपनी भारतात आली आणि तिचे येथील ठाणे नवी मुंबईतच झाले. तिचे पुढून उचलणारे जॅक इतके पसरले की आज मराठी वृत्तपत्रांत ‘हायवाची धडक’ असे छापून येते तेव्हा वाहन कोणत्या कंपनीचे आहे याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. दहाचाकी टिपर म्हणजे हायवा. लहान कारखान्यांपुढे त्या वेळी दोनच वाटा होत्या. एक तर स्वतःचा पूर्ण जॅक बनवणे सोडून सील किट, पिन, बुश आणि दुरुस्ती यांत शिरणे, नाहीतर कचरागाड्या, पाण्याचे टँकर, क्रेन अशा कमी संख्येच्या साहित्याकडे वळणे. आपल्या वडिलांनी कोणती वाट धरली हे १९९५ ते २००५ या काळातील खरेदीच्या बिलांवरून पाहा. सिलिंडरची जाड नळी घेणे थांबले आणि तयार सीलची खरेदी वाढली असेल, तर उत्तर मिळालेच.

आमच्या कार्यशाळेतील एक प्रसंग येथे सांगणे आवश्यक वाटते. एका दुपारी उचललेल्या हौद्याखाली टेकू न लावता एका मुलाने परतीची तेलनळी सोडली आणि रिकामा हौदा खाली आला. तो मुलगा खांदा मोडण्यावर वाचला, यात आमचे काही कर्तृत्व नव्हते. दुसऱ्याच दिवशी आमच्या मालकांनी रबरी शिक्का करून घेतला आणि त्यानंतर प्रत्येक बिलावर ‘टेकू लावल्याशिवाय नळी सोडू नये’ असे उमटू लागले. जुन्या बिलांवरचे असे शिक्के लक्षपूर्वक वाचा. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे सगळ्यांकडे असते, ते सोडून द्या. पण एखादे वाक्य अमुक तारखेपासूनच दिसत असेल, तर त्या तारखेच्या आदल्या आठवड्यात काहीतरी घडलेले असते.

अपयशही लिहा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर जपानी सहकार्याने चार हलके ट्रक आले: डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निस्सान, स्वराज-माझदा आणि आयशर-मित्सुबिशी. त्यांच्याशी टक्कर द्यायला टाटांनी १९८६ साली ४०७ काढला. येनचा भाव चढत गेला तसे आयात भाग महाग पडत गेले, आणि बहुतांश देशी मालावर बांधलेला ४०७ वाशीच्या भाजी मार्केटपासून कोकणातल्या घाटांपर्यंत सगळीकडे दिसू लागला. मी त्या चारांपैकी एका गाडीचे ब्रेकचे भाग भरमसाट भरून ठेवले, कारण गाडी चालवायला सुरेख होती आणि माझा असा समज होता की सुरेख गाडी टिकतेच. आमचा धंदा दहा वर्षे मागून चालतो हे मी वर लिहिले, ते याच मालाने मला शिकवले. दुसरे मालक येण्याची वेळ झाली तेव्हा त्या गाड्याच फारशा उरल्या नव्हत्या. तो माल शेवटी किलोवर गेला.

अलीकडच्या काळाबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण तो आपण स्वतः पाहिला आहे. १ एप्रिल २०१७ पासून देशभर धुराच्या प्रदूषणाचे बीएस-४ हे मानक आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले, तशी गाडीच्या बिघाडाची चावी लॅपटॉपमध्ये गेली. २०१८ च्या जुलैत आसभाराच्या, म्हणजे एकेका आसावर चालणाऱ्या वजनाच्या, मर्यादा वाढल्या; तीन आसांच्या गाडीचे एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेले आणि पाटे, बेअरिंग व हबचे गणित पुन्हा मांडावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. यांपैकी बीएस-६ गाड्यांचे दुसरे मालक आपल्या काउंटरवर आता कोठे येऊ लागले असतील, म्हणून त्या प्रकरणाचा शेवट आज लिहिता येणार नाही.

प्रत्यक्ष कामाचा क्रम असा ठेवावा असे मी सुचवेन. भूखंड वाटपाचे पत्र आणि ताबापावती यांवरून पहिली तारीख पक्की करा, कारण उद्घाटनाची तारीख बहुधा उत्पादन सुरू झाल्यानंतरची असते. त्यानंतर बिले वर्षवार न लावता मालवार लावा: पाटे एकीकडे, पिस्टन एकीकडे, जॅकचे साहित्य एकीकडे. प्रत्येक मालाचे पहिले आणि शेवटचे बिल बाजूला काढले की पन्नास वर्षांचा आराखडा आपोआप समोर येतो. मग गाळ्यातील सर्वांत वरच्या फळीवर चढा. विकला न गेलेला माल कोणी खाली काढत नाही, म्हणून सर्वांत जुने आणि सर्वांत महाग पडलेले निर्णय तेथेच सापडतात. चढताना वडिलांच्या काळातील एखादा फिटर हयात असेल तर त्याला खाली स्टुलावर बसवा, आणि एकेक खोके त्याच्या हातात देऊन हे कोणासाठी बनवले होते, एवढेच विचारा.